शौर्य आहे, साचा नाही
सर्बियन इतिहासकार स्लोबोदान योवानोविच महायुद्धकाळात परागंदा युगोस्लाव सरकारचे पंतप्रधान होते. १९४६ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने त्यांना त्यांच्या अनुपस्थितीत २० वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५८ मध्ये लंडनलाच त्यांचा देह पडला. २००७ मध्ये बेलग्रेडच्या न्यायालयाने त्यांना दोषमुक्त ठरवले.

या निर्वासिताने स्वराष्ट्राचे गोडवे गायले नाहीत, हे विशेष! मरणोत्तर, १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांचे निदान असे: सर्बांपाशी राष्ट्रीय व राजकीय साचा आहे, सांस्कृतिक साचा नाही. इंग्रजांनी ‘जंटलमन’ घडवला, तसा सुसंस्कृत माणसाचा आदर्श सर्ब समाजाने घडवला नाही. म्हणून पुढे सरसावला तो ‘अर्धबुद्धिजीवी’: शाळा यथासांग पूर्ण केलेला, परंतु संस्कारशून्य, आणि शिक्षणाचे मोल केवळ अधिकारपदाच्या मापाने मोजणारा.