गटातल्या गप्प बायका

आज बोलू आपल्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल. मी पुणे शहरात वस्त्यांमधल्या गटांचं काम बघते. फोनवर असे कितीतरी ग्रुप आहेत, आणि बायका सगळीकडे त्याच भेटतात. एक पहाटे पाचला फुलांचं चित्र पाठवणारी. तिचा त्रास नाही, फक्त फोन भरतो. एक हप्त्याची तारीख, बैठकीची वेळ स्वतः लिहिणारी. बहुतेक ती सचिवच असते. एक "हे खरं का ताई?" असं विचारणारी. एक आलेलं जसंच्या तसं पुढे ढकलणारी. बाकीच्या सगळ्या नुसत्या वाचणाऱ्या.

वेबसाइटचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी 2006 साली ढोबळ हिशेब मांडला होता. शंभरातले नव्वद जण नुसतं वाचतात, नऊ जण कधीमधी लिहितात, आणि सतत लिहिणारा एकच. आपल्या ग्रुपचा आकडा थोडा वेगळा निघेल, पण चित्र हेच.

पुढे ढकलणारी बाई वाईट नसते हो. उलट तिला काळजी जास्त. "मुलं पळवणारी टोळी आलीय" हा मेसेज आईच घाईघाईनं पुढे पाठवते. 2018 साली असे मेसेज महाराष्ट्रात खूप फिरत होते. 1 जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसं तिथं आली होती. मुलं पळवणारे समजून जमावानं त्यांना मारून टाकलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं.

ते मेसेज वाचताना अनेकांना शंका आली असणार, असं मला वाटतं. पण लिहिलं कुणी? आपल्या बैठकीत कुणी हरकत घेतली नाही की ठराव मंजूर होतो. ग्रुपवरही गप्प राहिलं की तसाच होकार धरला जातो.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं पुढे पाठवलेल्या मेसेजवर खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घालायचं ठरवलं. 2020 पासून, फार फिरलेला म्हणजे दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. दोन बाण दिसले की समजायचं, हे आपल्या मैत्रिणीनं लिहिलेलं नाही, ते लांबून फिरत आलंय.

आपल्याकडे फिरतं ते "गटाचं कर्ज माफ, लिंकवर आधार नंबर भरा". लिंक उघडून पैसे गेलेच, तर लगेच 1930 ला फोन करायचा.

एका गटात असा मेसेज आला आणि दोघीतिघींनी हप्ता थांबवला. बँकेत चौकशी करून आलेली एक मावशी त्याच ग्रुपमध्ये होती. मेसेज खोटा, हे तिला पक्कं ठाऊक. पण लिहिता येत नाही, म्हणून गप्प. मग तिच्या नातीनं तिला माइकचं चिन्ह दाबून धरायला शिकवलं. मावशी बोलली, "बायांनो, मी बँकेत विचारून आले. माफीबिफी काही नाही. हप्ता भरा."

दुसऱ्या दिवशी दोघी भरून आल्या.