चार शब्द इटालियनचे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेले भाषण)



मी पंडित नव्हे. माझी उमर बोटीवर गेली, तीही भंडारी म्हणून. खलाशांच्या भाषेत भंडारी म्हणजे स्वयंपाकी. तेव्हा मी सांगणार ते व्याकरण नाही, पोटापाण्याचे शब्द आहेत.

पहिल्याच फेरीत इटलीच्या एका बंदरात आमचा मुक्काम पडला. हात धुवायला गेलो. दोन नळ होते, एकावर 'सी' आणि दुसऱ्यावर 'एफ'. शाळेत इंग्रजी शिकलेलो, 'सी' म्हणजे कोल्ड, थंड! बिनधास्त नळ सोडला आणि हात भाजून घेतला. इटालियनमध्ये 'काल्दो' म्हणजे गरम, आणि 'फ्रेद्दो' म्हणजे थंड. दुसरी फजिती पाण्यावरूनच झाली. 'ओ सेते' म्हणजे मला तहान लागली आहे. मी म्हणालो, 'ओ सेत्ते'. तिथला आचारी हसून हसून बेजार. मी त्याला सांगत होतो, माझ्याकडे सात आहेत!

मुलांनो, 'सेते' आणि 'सेत्ते' यांतला फरक इंग्रजी पुस्तकातून लवकर उमगत नाही. तुम्हाला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे. मका निराळा आणि मक्का निराळी, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागते काय? इटालियन जोडाक्षर तसेच जोर देऊन म्हणायचे. त्यांचे 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांना जीभ लावून उच्चारतात. इंग्रजीतले ट-ड तिथे चालत नाहीत. आपल्या मराठीत 'च' दोन आहेत, चिमणीचा एक आणि चमच्याचा एक. इटालियनला दोन्ही लागतात. 'चाव' मधला चिमणीचा, आणि 'ग्रात्सिए' मधला चमच्याचा. घरात फक्त उर्दू बोलणाऱ्या मुलांना हा दुसरा 'च' जरा जड जातो. त्यांनी 'चूल, चमचा' असे दहा वेळा म्हणावे. म्हणून माझे सांगणे असे की, वहीत इटालियन शब्द देवनागरीत लिहा. एवढेच लक्षात ठेवा की शेवटचा स्वर गिळायचा नाही.

आता कोणी विचारील, बोटीवरचे हुकूम तर बहुधा इंग्रजीतच असतात, मग हा खटाटोप कशाला? खरे आहे. पण आपल्या शेजारी न्हाव्याला 'रहमान' या नावाने ओळखली जाणारी प्रशिक्षण संस्था आहे, सर मोहम्मद युसुफ यांच्या नावाच्या फाउंडेशनची. तिथून मुले समुद्रावर जातात. गेल्या शतकात मुंबई बंदरात लॉइड त्रिएस्तिनो या इटालियन कंपनीच्या उतारू बोटी येत. 1989 मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले, आणि तिथे ज्या एमएससी कंपनीचे कंटेनर दिसतात, ती 1970 मध्ये स्थापन करणारे जानलुइजी आपोन्ते इटलीचेच. आपल्या मुलाची गाठ इटालियन माणसाशी पडली तर नवल नाही. ती गाठ स्वयंपाकघरात पडली, तर शब्दांची गरज अधिकच.

पालकांना काळजी असते ती खाण्याची. तेव्हा हे पाठच करा: 'चे मायाले?' म्हणजे यात डुकराचे मांस आहे का? 'नोन मांजो मायाले', मी ते खात नाही. 'सेन्त्सा' म्हणजे 'शिवाय'. 'सेन्त्सा मायाले' म्हटले की काम होते. मात्र 'स्त्रुत्तो' हा शब्दही ओळखा; ती डुकराची चरबी, आणि ती कधी कधी पावातही असते. मांस दिसते, चरबी दिसत नाही. सरळ विचारावे. विचारणाऱ्याला तिथे कोणी वाईट म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

बाकीचे रोजचे बोलणे थोडेच आहे. सकाळी भेटल्यावर 'बुओंजोर्नो'. काही मागताना 'पेर फावोरे', म्हणजे कृपा करून. मिळाल्यावर 'ग्रात्सिए', आणि समोरचा म्हणेल 'प्रेगो'. भाव विचारायचा तर 'क्वान्तो कोस्ता?' नाव सांगताना 'मी क्यामो युसुफ'. यातला 'मी' आपला नव्हे, त्याचा अर्थ 'मला' (मला युसुफ म्हणतात), पण लक्षात राहायला बरा. समजले नाही तर मान डोलावू नका! आपल्या मुलांची ही खोड वाईट. 'नोन कापीस्को' म्हणा, म्हणजे समजले नाही. 'प्यू प्यानो', जरा सावकाश. आणि दुखले-खुपले तर जागेवर बोट ठेवून 'मी फा माले क्वी', इथे दुखते. 'आत्तेन्तो!' ऐकले की तिथल्या तिथे थांबा. ती 'सांभाळ!' अशी हाक आहे. मदतीसाठी ओरडायचे ते 'आयूतो!'

'चाव' सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो बरोबरीच्यांसाठी. मूळ व्हेनिसकडचा शब्द, अर्थ 'तुमचा गुलाम', आपल्या 'बंदा हाजिर'सारखा. आता तो सलगीचा झाला आहे. वडीलधाऱ्याला किंवा साहेबाला 'चाव' म्हणू नये. माफी मागतानाही मित्राला 'स्कूझा' आणि मोठ्यांना 'स्कूझी'. तू आणि आपण यांतला भेद आपल्याला काय सांगायचा?

आणि ही भाषा अगदी परकी आहे असे मानू नका. सिसिली बेटावर नवव्या शतकापासून सुमारे दोनशे वर्षे अरबांचे राज्य होते, शिवाय व्यापार होताच. त्यामुळे गोदामाला 'मागाद्झीनो' म्हणतात, तो अरबी मखजन. जकातीच्या कचेरीला 'दोगाना', त्याच्या मुळाशी आपला दिवाण. साखरेला 'त्सुक्केरो'. उलट बाजूने पोर्तुगीजांनी चौल-वसईकडे आणलेले शब्द पाहा. पोर्तुगीज आणि इटालियन या दोघी लॅटिनच्या लेकी. म्हणून आपली चावी तिकडे 'क्यावे', आणि खोली म्हणजे कमरा तो 'कामेरा'. पगाराला म्हणतात 'पागा'.

आज घरी गेल्यावर आईसमोर बसून यातले पाच शब्द मोठ्याने म्हणा. ती हसली तर हसू द्या. आणि मोरीत नळ असेल तर म्हणा, 'फ्रेद्दो'.