सिंदेवाहीची एसटी आणि रेल्वे

सिंदेवाही आणि लोणवाही मिळून आज एकच नगरपंचायत आहे. तालुक्याचा सारा राबता इथेच: तहसील, दवाखाना, बाजार, कॉलेज.

गाव गोंदिया–बल्लारशाह रेल्वेमार्गावर आहे. ही लाइन आधी नॅरोगेज होती, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. याच मार्गावरच्या नागभीडहून नागपूरला जाणारी नॅरोगेजची छोटी गाडी मात्र नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली, आणि नागपूरच्या प्रवाशांचा भार एसटीवर आला.

एसटीच्या सवलती इथे फार मोलाच्या आहेत. ७५ वर्षांपुढील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. बारावीपर्यंतच्या मुलींना पासही मोफत मिळतो. पण सवलत असून वेळेवर गाडी नसेल, तर खेड्यातल्या पोरीचा कॉलेजचा दिवस बुडतो. माझ्या मते सकाळची आणि संध्याकाळची फेरी कधीच रद्द होऊ नये. हा वाघांचा मुलूख आहे. अंधार पडल्यावर फाट्यावरून गावापर्यंत पायी जाणं धोक्याचं. रेल्वेही याच मुलखातल्या जंगलातून धावते. नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले होते.

सवलतीसाठी ज्येष्ठांनी प्रवासात आधारकार्ड जवळ ठेवावं. मुलींच्या पाससाठी शाळेतच चौकशी करावी.