डॉल्फिन आणि आपली होडी

तारकर्ली-देवबागला पर्यटकांना दिसतो तो बहुधा हम्पबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असलेला. खाडीच्या मुखाशी, उथळ पाण्यात तो मासे धरतो. नेमक्या तिथेच आपल्या होड्या फिरतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडाच. स्वतः काढलेल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तो मासा हेरतो, कळपातले एकमेकांना साद घालतात तेही आवाजानेच. इंजिनाच्या घरघरीत हे सारं हरवतं. होड्यांनी घेरलं, की शिकार आणि विश्रांती सोडून कळप बुडी मारतो, लांब निघून जातो. आपण मात्र म्हणतो, ‘काय छान खेळतायत!’ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण त्याला आहेच. पण होडीवाल्याला तुम्हीही सांगा: पाठलाग नको, वाट अडवू नका, लांबूनच इंजिन मंद करा.