लाइपझिग, वायमार, ड्रेस्डेन

जर्मनी म्हटलं की बर्लिन आणि म्युनिक आठवतात. पण चार-पाच दिवस हाताशी असतील तर पूर्वेकडची ही तीन शहरं पाहा. रेल्वेनं ती सहज जोडता येतात.

लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये योहान सेबास्टियन बाख 1723 पासून अखेरपर्यंत संगीतप्रमुख होते. जवळच्या सेंट निकोलस चर्चमधल्या सोमवारच्या प्रार्थनांतून पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्धचं 1989 चं आंदोलन उभं राहिलं. 9 ऑक्टोबरला सुमारे 70 हजार माणसं रस्त्यावर आली, गोळी चालली नाही, आणि महिन्याभरानं बर्लिनची भिंत खुली झाली.

वायमारला मात्र घाई करू नका. कालिदासाच्या ‘शाकुंतला’नं भारावलेले महाकवी गटे इथे पन्नासहून अधिक वर्षं राहिले. त्यांचं घर पाहा, बागेत हिंडा, आणि मग बसनं एटर्सबर्गच्या टेकडीवर जा. तिथे नाझींनी 1937 साली बुखेनवाल्डची छळछावणी उभारली. सुमारे 56 हजार माणसं तिथे मेली. कवीच्या घरापासून हे अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटर! दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी पाहावीत असं मला मनापासून वाटतं. एकच पाहिलं तर वायमार अर्धंच कळतं.

ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे हे चर्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यानंतर कोसळलं आणि 2005 मध्ये पुन्हा उभं राहिलं. भिंतीतले काळपट दगड जुन्या ढिगाऱ्यातून निवडलेले आहेत. घुमटावरचा सोनेरी क्रूस लंडनच्या एका कारागिरानं घडवला. त्याचे वडील हल्ला करणाऱ्या ब्रिटिश विमानदलात होते.