हंगेरीचा इतिहास आपण का वाचावा?
(बुद्धविहारातील अभ्यासवर्गापुढे दिलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी पुष्कळांस नवल वाटले असेल. हंगेरी हा मध्य युरोपातील लहानसा देश. त्यास समुद्रकिनारा नाही व लोकसंख्या एक कोटीच्या आत आहे. आपण नवदीक्षित. घरात अद्याप धम्माची चार पुस्तकेही जमली नाहीत. अशा स्थितीत त्या दूरदेशाचा इतिहास वाचून काय साधणार, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही.

या प्रश्नाचे पहिले उत्तर एका खेड्यात आहे. हंगेरीच्या ईशान्येस शायोकाझा नावाचे गाव आहे. तेथे रोमा लोकांची वस्ती आहे. जगाने ज्यांना हिणवून 'जिप्सी' म्हटले, ते हे लोक. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून गेले, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. रोमा भाषेत पाण्याला 'पानी' व माणसाला 'मानुश' म्हणतात. हंगेरीतील बहुतेक रोमांची आजची मातृभाषा हंगेरियन आहे; परंतु गावाच्या कडेची वस्ती, मुलांसाठी वेगळा वर्ग आणि नावासरशी बदलणारी समोरच्याची नजर, हे सारे त्यांच्या वाट्यास आलेच. या लोकांत काम करणारे तिबोर देर्दाक व स्वतः रोमा असलेले यानोश ओर्शोश यांना बाबासाहेबांची ओळख पुस्तकातून झाली. पुढे ते महाराष्ट्रात येऊन आपल्या वस्त्या पाहून गेले. २००७ साली त्यांनी 'जय भीम नेटवर्क' स्थापन केले, बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि शायोकाझा येथे रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा काढली.

त्यांनी आपला इतिहास वाचला व त्यातून आपले जीवन बदलले. आपण त्यांचा इतिहास वाचला आहे काय? ज्यांनी आपणांस बंधू मानले, त्यांच्याविषयी काहीच न जाणणे हे बंधुत्वास शोभणारे नाही.

दुसरे उत्तर कायद्याचा अभ्यासक म्हणून देतो. १५१४ साली हंगेरीत शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले. त्याचा पुढारी ग्यॉर्ग दोझा यास तापलेल्या लोखंडी आसनावर बसवून ठार मारण्यात आले. ही क्रूरता पुष्कळांच्या स्मरणात राहते. परंतु तिच्याहून दीर्घायुषी ठरली ती त्याच वर्षीची लेखणी. सरदारांच्या सभेने शेतकऱ्यांचे गाव सोडून जाण्याचे स्वातंत्र्य काढून घेतले व त्यांस कायमचे कुळदास ठरविले. त्याच वर्षी इश्तवान वेर्बोत्सी या विधिज्ञाने रूढ कायद्याचा ग्रंथ तयार केला. तो 'त्रिपार्तितुम' या नावाने १५१७ साली व्हिएन्ना येथे छापला गेला. राजाने तो रीतसर जारी केला नाही, तरी १८४८ पर्यंत तो प्रमाण मानला गेला. त्यात 'लोक' या शब्दाची व्याख्या आहे, ती ध्यानात ठेवा. धर्माधिकारी, सरदार व जमीनदार हेच 'लोक'; राबणारा शेतकरी त्या शब्दात बसत नाही! जमीन कसणाऱ्यास श्रमाचा मोबदला मिळेल, जमिनीवर हक्क नाही.

हे ऐकताना आपणांस दुसऱ्या एका ग्रंथाची आठवण झाली नसेल तर नवल. तो ग्रंथ बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळण्यात आला. माणसाला बेड्या घालणे सोपे असते, परंतु त्या झिजतात; ग्रंथात लिहिलेली बेडी पिढ्यान् पिढ्या टिकते. म्हणून आपल्या राज्यघटनेच्या आरंभी 'लोक' हा शब्द येतो, तेव्हा त्यात कोण कोण आले, हे मोजण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. हंगेरीचा इतिहास ही सवय लावतो.

तिसरे उत्तर धर्मांतराविषयी आहे व ते नवदीक्षितांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावे. अठराव्या शतकात सम्राज्ञी मारिया तेरेसा हिने रोमा लोकांना सुधारण्यासाठी हुकूम काढले. जुने नाव टाका. यापुढे तुम्ही 'नवे शेतकरी'. भाषा सोडा, वेष सोडा, आपसांत विवाह करू नका. मुलेही आईबापांपासून तोडून परक्या घरी वाढविण्याचा हुकूम झाला. नाव नवे मिळाले. मान मिळाला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले ते याच्या अगदी उलट होते. तेथे कोणा सत्ताधीशाचा हुकूम नव्हता. माणसांनी स्वतः विचार करून, स्वतःच्या मुखाने, आईबाप व मुले मिळून दीक्षा घेतली. आपणही तशीच घेतली आहे. कोणी म्हणेल, नाव बदलल्याने काय होते? त्यास सांगा: वरून लादलेल्या नावाने काही होत नाही, स्वतः निवडलेल्या धम्माने माणूस उभा राहतो.

तथापि, निवडलेला धर्म पाळण्याचा हक्कही जपावा लागतो. २०११ साली हंगेरीत नवा धर्मविषयक कायदा झाला व अनेक लहान धर्मसंघांची मान्यता गेली. काही संघांनी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. २०१४ साली त्या न्यायालयाने हक्कभंग झाल्याचा निर्णय दिला. त्याआधी जानेवारी २०१३ मध्ये याच न्यायालयाने दोन रोमा तरुणांस न्याय दिला होता. त्यांना लहानपणी मंदबुद्धी ठरवून वेगळ्या शाळेत घातले गेले होते. मुलाच्या बुद्धीवर जन्माचा शिक्का मारण्याची ही रीत आपणांस अनोळखी नाही.

आता कोणती पुस्तके वाचावी? ज्युला इयेश यांचे १९३६ सालचे जहागिरींवरील चाकरांविषयीचे पुस्तक प्रथम घ्यावे. लेखक त्याच चाकरवस्तीत जन्मला. मुकादमाचा मार खाऊन मान खाली घालणे माणसाच्या अंगवळणी कसे पडते, हे त्याने काहीही न झाकता लिहिले आहे. दुसरे, रोमा लेखक मेन्हेर्त लाकातोश यांची १९७५ सालची कादंबरी. शाळेत जाणारा रोमा मुलगा वस्ती व वर्ग यांच्यामध्ये कसा ओढला जातो, हे तीत आहे. दोहोंची इंग्रजी भाषांतरे झाली आहेत. तिसरे, शांदोर चोमा यांचे चरित्र. १७८४ साली जन्मलेला हा गरीब घरचा विद्वान आपल्या जातभाईंचे मूळ शोधण्यास निघाला. तो लडाखच्या विहारांत थंडीवाऱ्यात बसून तिबेटी ग्रंथ शिकला. त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १८३४ साली कलकत्त्यास छापला गेला व बौद्ध वाङ्मयाचे दार युरोपास उघडले. १८४२ साली दार्जिलिंग येथे त्याचे निधन झाले.

वाचताना एक सावधगिरी बाळगा. सर्व दुःखे एकच आहेत, असे समजू नका. हंगेरीतील कुळदास १८४८ च्या कायद्याने मुक्त झाला आणि त्याचे वंशज इतरांत मिसळून गेले. रोमा तसे मिसळू शकले नाहीत, आणि १९४४ साली त्यांना छळछावण्यांत पाठविण्यात आले. बंधन कायद्याचे असेल तर कायद्याने तुटते. मनातील विटाळ कायद्याने एका दिवसात जात नाही. हा भेद ज्यास कळला, त्यास बाबासाहेबांनी राज्यघटना लिहूनही धम्माची आवश्यकता का मानली, हे कळेल.

म्हणून माझी विनंती अशी. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास ठेवा. ज्या मुलास वा मुलीस इंग्रजी येते, तिने एक प्रकरण वाचून यावे व मराठीत सांगावे. आजीने प्रश्न विचारावेत; आजीचे प्रश्न बहुधा सर्वांत कठीण असतात. दूरच्या त्या खेड्यात मुले 'जय भीम' म्हणू लागली, ती कोणीतरी एक पुस्तक उघडले म्हणून. आपल्या घरातील पुस्तक बंद राहू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!