पडद्यामागचे कोल्हापूर

बेंगळूरच्या उत्तरेला येलहंका नावाचे एक जुने गाव आहे. केंपेगौडांच्या घराण्याचे हे मूळ ठाणे. 1537 मध्ये बेंगळूर वसले ते इथूनच गेलेल्या माणसाच्या हातून. आता काळाने सूड उगवावा तसे त्या लेकराने आपल्या आईलाच पोटात घेतले आहे आणि येलहंका हे महानगराचे एक उपनगर होऊन बसले आहे. तेथील न्यू टाउन नावाच्या वस्तीत 1996 पासून सृष्टी ही कलाशिक्षणाची संस्था आहे. तिच्यामुळे त्या भागात केसांना रंग लावलेली, खांद्यावर कागदाच्या गुंडाळ्या टाकलेली मुले-मुली नित्य दिसतात. अशांपैकी एका मराठी मुलाने मागे मला विचारले, "कलावंताने राहावे कुठे? मोठ्या शहरात कुणी ओळखत नाही आणि लहान गावात सगळेच ओळखतात. यांतले बरे कोणते?"

प्रश्न अवघड होता. मी चटकन उत्तर दिले नाही, पण कोल्हापूर मात्र लगेच आठवले.

त्याआधी येलहंक्याशेजारचीच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती आपली आहे. बेंगळूर ही 1638 नंतर शहाजीराजांची जहागीर होती आणि तेव्हा ते काही मोठे नगर नव्हते. तेथे शहाजीराजांच्या दरबारी नाना भाषांतले कवी जमत. एकाने चरण टाकावा, दुसऱ्याने तो पुरा करावा, असा समस्यापूर्तीचा खेळ चाले. जयराम पिंड्ये या कवीने आपल्या 'राधामाधवविलासचंपू'त त्या सभेचे वर्णन केले, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1922 मध्ये तो ग्रंथ लांबलचक प्रस्तावनेसह छापला. म्हणजे अपुरी ओळ पुरी करायला दुसरा माणूस हाताशी असणे, हे त्या दरबाराचे खरे वैभव होते. कोल्हापूरचेही तेच होते, असे मला वाटते.

कोल्हापूरला कलापूर म्हणण्याचा प्रघात आहे. यमकामुळे तो टिकला असावा, अशी शंका परक्याला येणे शक्य आहे. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतले हे संस्थानी शहर जरा जवळून पाहिले, की ती शंका उरत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादिया खाँसाहेब गायक म्हणून होते. अबालाल रहिमान चित्रकार म्हणून होते. केशवराव भोसले या कोल्हापूरच्याच मुलाने 1908 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, हुबळीस ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर 1915 मध्ये उभे राहिले. तेच पुढे केशवरावांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. गाणे, चित्र आणि नाटक ही तिन्ही माणसे एकाच पेठेतून जात-येत असत. चित्रकाराला गवयाची बैठक चुकत नसे आणि गवयाला नाटकाचा पडदा कुणी रंगवला हे ठाऊक असे.

या पडद्यापाशीच मला थोडे थांबायचे आहे.

त्या काळी संगीत नाटकाला चित्रित पडदे लागत: राजवाडा, अरण्य, नदीकाठ, रस्ता. ते रंगवणारे दोन बंधू, आनंदराव आणि बाबूराव, कोल्हापूरच्या सुतार-कारागीर घराण्यातले, आडनावाने मेस्त्री. पडद्यांच्या कामामुळे लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि पुढे तेच आडनाव झाले. दोघे चुलतभाऊ. कुठल्याही कलाशाळेचा उंबरठा त्यांनी ओलांडला नव्हता. किर्लोस्कर आणि गंधर्व या नामांकित मंडळ्यांचे पडदे त्यांनी रंगवले. आपण बालगंधर्वांचे गाणे आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण गंधर्व ज्या महालात उभे राहत तो महाल कोल्हापूरच्या एका वाड्यात, जमिनीवर पसरलेल्या कापडावर, आधी जन्मला होता.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये आला आणि या दोघा भावांना हलत्या चित्राने पछाडले. त्यांनी जुने प्रक्षेपणयंत्र मिळवून खेळ दाखवण्याचा उद्योग केला. मग ध्यास घेतला तो स्वतःच कॅमेरा घडवण्याचा. 1916 मध्ये आनंदराव वारले. कॅमेरा अपुराच होता. इथे ती अपुरी ओळ पुरी करायला माणूस हाताशी होता. विष्णुपंत दामले यांचा हात यंत्रावर बसलेला. बाबूरावांबरोबर खपून 1918 मध्ये त्यांनी कॅमेरा चालता केला. त्यांचे जोडीदार एस. फत्तेलाल हे कागलचे, हातात ब्रश असलेले. दामले आणि फत्तेलाल ही जोडी पुढे जन्मभर टिकली. एकाचे यंत्र, दुसऱ्याचे चित्र. दोघांनी मिळून 1936 मध्ये 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. एक ब्राह्मण, एक मुसलमान. पण त्या दोघांच्या दोस्तीचे कौतुक करताना ही गोष्ट सांगण्याची गरज कोल्हापुरात कुणाला वाटत नसे, हेच मला जास्त मोलाचे वाटते.

आता पैशाचा प्रश्न. महाराष्ट्र फिल्म कंपनी 1917 च्या डिसेंबरात निघाली ती कुणाच्या भांडवलावर? एखाद्या सावकाराच्या नव्हे, पेढीच्याही नव्हे. भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. मराठी चित्रपटाच्या इतिहासात हे एका वाक्यात येते आणि त्या वाक्याला पुढचे वाक्य सहसा नसते. गाणाऱ्या बाईला प्रतिष्ठितांच्या घरी बैठकीपुरते स्थान होते, त्यापलीकडे नव्हते, असा तो काळ. तिने गाऊन मिळवलेला पैसा एका पडदे रंगवणाऱ्याच्या वेडावर लावला. ही ओळख कार्यालयातून वा अर्जातून होत नसते. पडदेवाल्याने गाणे ऐकले असेल, गाणाऱ्या बाईने पडदा पाहिला असेल. गाव लहान असल्याचा लाभ तो हाच.

1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. तोवर चित्रपटातल्या स्त्रियाही बहुधा पुरुषच वठवत. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रियांना उभे केले; पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. लोकमान्यांनी तो चित्रपट पाहून बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. पदवी एकाला मिळाली, समाजाचे बोलणे दोघींच्या वाट्याला आले. लहान गावातल्या ओळखीची ही दुसरी बाजू: जे सगळेच ओळखतात, ते सगळेच बोलतातही.

माणसे जमली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. व्ही. शांताराम हे कोल्हापूरचे. लहानपणी गंधर्व मंडळीत, मग हुबळीस रेल्वेच्या कारखान्यात. त्यांना कंपनीत आणले ते बाबूराव पेंढारकर या मावसभावाने. बाबूरावांचे बंधू भालजी, सावत्रभाऊ मास्टर विनायक. एका नात्यातून चार दिग्गज निघाले! याला कुणी वशिला म्हणेल, आणि तसे म्हणणाऱ्याचे मी तोंड धरणार नाही. पण नुसता वशिला असता तर शांतारामांना कंपनीत पडेल ते काम करत शिकावे लागले नसते, आणि 1925 च्या 'सावकारी पाश'मधला तरुण शेतकरी आपल्याला मिळाला नसता. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा आहे. पौराणिक चित्रपटांच्या त्या दिवसांत सावकारावर बोट ठेवणारा बोलपट नव्हे, मूकपट काढणे हे धाडसच होते.

मग जे व्हायचे ते झाले. 1929 च्या जूनमध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. पहिले चौघे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. गुरूचे घर सोडून शिष्यांनी त्याच गावात दुसरे घर मांडावे, याचे दुःख बाबूरावांना झालेच असणार. मात्र शिष्यांना दोष देणेही मला कठीण जाते. एकच माणूस जिथे चित्रकार, दिग्दर्शक, यंत्रज्ञ आणि मालक आहे, तिथे शिकलेल्या हातांना वाढायला जागा उरत नाही. ते हात बाहेर पडतातच. 1933 मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि कोल्हापूरचे एक मोठे वैभव गाडीत बसून निघून गेले. तिच्या पुण्याच्या आवारात 1960 पासून सरकारी चित्रपटशिक्षणसंस्था आहे.

गाव लहान असले की एका आश्रयदात्याच्या जाण्याने केवढी पोकळी पडते, याचे उदाहरण अबालालांचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार मुंबईत राहिला नाही. तो कोल्हापुरात परतला आणि कोटितीर्थाच्या आसपास, पंचगंगेच्या काठी, रंकाळ्यापाशी निसर्ग रंगवत राहिला. 1922 मध्ये शाहू महाराज गेले. त्या दुःखात अबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापूरचे लोक सांगतात. आख्यायिकेत अतिशयोक्ती असेल. पण अशी आख्यायिका एखाद्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपावी, हे त्या गावाच्या मनाविषयी पुष्कळ सांगते. 1931 मध्ये ते वारले.

हे सारे विसरले जाण्याचीही भीती होती. ती काही अंशी दूर केली भाई माधवराव बागलांनी. ते स्वतः जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार, पण समाजसुधारणेच्या आणि प्रजापरिषदेच्या लढ्यात गुंतलेले. त्यांनी आपल्या गावच्या कलावंतांवर लिहून ठेवले. गावातल्याच माणसाने लिहिल्यामुळे त्यात रागलोभ आहेत. मला ते हवेच आहेत. बाहेरच्या टीकाकाराला कुणाचे कुणाशी बोलणे नव्हते हे कसे कळणार?

केशवराव भोसले नाट्यगृहाला 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आग लागली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. शंभर वर्षांची ती वास्तू जळताना नाटकाशी संबंध असलेली आणि नसलेलीही माणसे रस्त्यावर येऊन उभी राहिली. पुन्हा बांधण्याचे ठरले, निधी जाहीर झाला. बांधकाम होईलही. पण त्या रंगमंचामागच्या खोल्यांत एकमेकांना ओळखणारी माणसे पुन्हा येऊन बसतात की नाही, हे पाहिल्यावाचून मी काही बोलणार नाही.

येलहंक्याच्या त्या मुलाला मी एवढेच सांगितले की, दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला जा. टाउन हॉलमधल्या संग्रहालयात अबालालांची चित्रे बघ. मग बाजारात जाऊन तानीबाई कागलकर कोण, असे दहा जणांना विचार, आणि कितींना सांगता आले ते मला पत्राने कळव. तो हसला आणि म्हणाला, "पत्र नाही, फोन करीन." मी फोनची वाट पाहतो आहे.